काचेच्या तारेतलं लोखंड

फोन आला तेव्हा मी खालापूरच्या एसटी स्टँडवर युनियनची पत्रकं वाटत होतो. शिळफाट्याला पोचलो, तर माझा मावसभाऊ दिनेश विजेच्या खांबाखाली पडलेला. तळहात काळे, इंटरनेटची केबल वितळून बोटांना चिकटलेली. सोडवताना कातडी निघाली. हे वाचून ज्याला त्रास होईल, त्याला तो झालाच पाहिजे.

दिन्या घरोघरी इंटरनेट-टीव्हीच्या लाइनी ओढायचा. आपल्याकडे त्यासाठी वेगळे खांब कुणी रोवत नाही. विजेच्याच खांबावर चढायचं, उघड्या तारांखालून केबल ताणायची. मी खालून ओरडायचो, तो वरून हसायचा... "पत्रकवाले, फायबर हाय ही. काचंतून करंट जातो काय रं?" काचेतून जात नाही. पण काचेवर ताण पडू नये म्हणून शेजारी पोलादी तार असते, काळ्या वेष्टनात झाकलेली. केबल विजेच्या उघड्या तारेला टेकली, की त्या पोलादातून करंट थेट हातात. पोलादाऐवजी करंट न नेणारी फायबरग्लासची काडी असलेली केबलही मिळते, थोडी महाग. हे दिन्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्याच्या शेठला होतं.

शेठ दहाव्याला आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "पोरगा घाईचा होता." मी त्याची कॉलर धरली. त्याचं नाक फुटलं, माझा ओठ. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मग वायरमनकडून वीज बंद करून घेत आम्ही आळीतल्या पोलादी लाइनी उतरवल्या. एकच राहिली, दिन्याच्या घरची, त्यानंच ओढलेली. वहिनी दारात आडवी उभी राहिली.

"त्यांच्या हातची हाय ही. हात लावाल तर थोबाड फोडीन, भावजी."

"वहिनी, असल्याच केबलनं त्याला मारलं. उद्या वाऱ्यानं विजेची तार हिच्यावर पडली, तर टीव्ही लावताना तू जाशील."

"जाईन मग."

"आणि चिऊ?"

त्यांची लेक बंद टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. वहिनी तिच्याकडे बघत राहिली... मग आतून कोयता घेऊन आली. वीज बंद असल्याची वायरमननं मान डोलावल्यावर तिनं केबलवर असे घाव घातले, जसे माणसावर घालतात. एका घावात तुटली नाही. आत लोखंड होतं.

नवी केबल भिंतीतल्या जुन्याच भोकातून सरकवली. भोकाभोवतीचं पांढरं सिमेंट दिन्यानं अंगठ्यानं दाबून बसवलंय. ते वहिनीनं फोडू दिलं नाही. टीव्ही लावण्याआधी चिऊ त्या ठशात आपला अंगठा ठेवून बघते. अजून खूप मोठा होतो तिला.