उजवीकडचे दोन मॉनिटर

दसऱ्याची पूजा झाली आणि उजवीकडचे दोन मॉनिटर काळे पडले. तिथून पुढे भीतीने मला स्वस्थ बसू दिलं नाही.

मी खामगावजवळच्या एका जिनिंगमध्ये कॅमेऱ्यांच्या खोलीत बसते. खोली वरच्या मजल्यावर आहे. खाली यंत्रांवर कापसातून सरकी वेगळी होते, रुई पाइपातून पुढे जाते, आणि तिचे तंतू सगळीकडे उडत असतात. ते कॉम्प्युटरमध्ये जाऊ नयेत म्हणून माझ्या खोलीला खिडकीच ठेवलेली नाही. एक दार, ते कायम लावलेलं, आणि दाराबाहेर लोखंडी जिना. तो एकच. आत मी, एसीची घरघर आणि टेबलावर चार मॉनिटर. डावीकडच्या दोघांवर फाटक, वजनकाटा, ऑफिस आणि यंत्रघर दिसायचं. उजवीकडच्या दोघांवर कापसाच्या गंज्या, रुईची खोली, जिना आणि कवडी वेचणाऱ्या बायांचं शेड.

किडका, डागी कापूस म्हणजे कवडी. ती हाताने वेचून बाजूला काढावी लागते. त्या बायांमध्ये माझी माय बसते. मी नोकरीला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून ती या जिनिंगमध्ये आहे. आधी यंत्रघरात होती. त्या खडखडाटात तिचे कान गेले. आता कानाशी तोंड नेऊन बोललं तरच तिला ऐकू येतं.

मी मुळातच भित्री. गॅस बंद केला की नाही हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत जाणारी. पण ही भीती नुसती स्वभावातली नव्हती. मागे एकदा जिनिंगच्याच अंगणात आग लागली होती. कापसात आलेला खडा यंत्राच्या पात्यावर घासला, ठिणगी उडाली आणि एक गंजी आतून धुमसायला लागली. भोंगा वाजला. बाया पळाल्या. मी ऑफिसच्या पायरीवरून पाहत होते, तर माय पाठ करून निवांत कवडी वेचत बसलेली. तिला भोंगा ऐकूच आला नव्हता. एका बाईने मागे वळून तिला दंडाला धरून ओढलं, म्हणून निभावलं. गंजी विझली, कोणाला काही झालं नाही. पण मायची ती पाठ माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

त्यानंतर मी मालकांच्या मागे लागून शेडसमोरच्या खांबावर एक लाल दिवा लावून घेतला. त्याचं बटण माझ्या टेबलाजवळ. कॅमेऱ्यात कुठे धूर दिसला की मी बटण दाबायचं, माय दिवा पाहील आणि उठेल. आम्हा मायलेकींचा एवढाच बंदोबस्त. पण बंद दारामागे, एसीच्या घरघरीत भोंगा मलाही ऐकू येत नाही, त्यामुळे मला दिसलं तरच तो चालणार होता.

आता पूजेचं सांगते. आमच्याकडे दसऱ्याला झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते. नुसता हार घालून भागत नाही. यंत्र उघडायचं, पुसायचं, पाती, पाने, हातोड्या काढून पाटावर मांडायच्या आणि मग हळदकुंकू वाहायचं. मीही कॉम्प्युटर तसाच उघडला. आत दोन ग्राफिक्स कार्डं आहेत. जुन्यावर डावीकडचे दोन मॉनिटर चालतात, नव्यावर उजवीकडचे दोन. कॅमेरे वाढले तेव्हा हे नवं कार्ड बसवलं होतं. दोन्ही काढली, त्यांच्या पंख्यांत अडकलेली रुई ब्रशने साफ केली, आणि लाल कापडावर मांडली. कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे कॅबिनेट, बाजूला उघडंच होतं.

पूजेला माय वर आली. ती एरवी कधी वर येत नाही. तिने पदर डोक्यावर घेतला, कार्डांना कुंकू लावायला निघाली तेव्हा मी तिचा हात धरला आणि कानाशी म्हणाले,

"माय, त्याले ओलं नको लावू."

"मंग काय कोरडीच पूजा करू? वरसाचा सण हाये, बाई."

मग तिने बोट कॅबिनेटच्या कडेला टेकवलं आणि ओंजळभर अक्षता सगळ्यावर टाकल्या. डोळे मिटून ती काहीतरी पुटपुटत होती. दुसऱ्या दिवशी मी वरवर दिसलेल्या अक्षता वेचल्या, फुंकर मारली, कार्डं परत बसवली आणि बटण दाबलं. डावीकडचे दोघे उजळले. उजवीकडचे काळेच राहिले.

त्याच दिवशी कापूस खरेदीचा मुहूर्त होता. फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली, अंगणात गंज्या चढायला लागल्या. आणि मला त्यातली एकही दिसत नव्हती.

कॉम्प्युटर ज्याने जुळवून दिला तो दुकानदार सणासुदीच्या कामात बुडालेला. फोनवरच म्हणाला, "ताई, दोन येगयेगळ्या कंपन्यांचे कार्ड हायेत. सवती म्हना ना. एखांद्या टायमाले पटत नाई त्याईचं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाका."

ड्रायव्हर म्हणजे कार्ड ओळखायला कॉम्प्युटरला लागणारा प्रोग्राम. तो काढला, पुन्हा टाकला. मॉनिटर उजळले. मी हुश्श करून पाण्याचा ग्लास उचलते तोच पुन्हा काळे. वायरी बदलल्या, तरी तेच. नवं कार्ड दाबून बसवलं की क्षणभर चित्र यायचं, थरथरायचं आणि जायचं. अजिबात आलं नसतं तर परवडलं असतं. त्या क्षणभरात शेडचा एखादा कोपरा दिसायचा आणि मी जीव डोळ्यांत आणून मायला शोधायच्या आत तो नाहीसा व्हायचा.

मुनीमजींना सांगितलं, तर ते म्हणाले, "काट्यावर नजर ठेव म्हंजे झालं. गंज्या काय पळून चालल्या?" त्यांच्या दृष्टीने बरोबरच होतं. मोबाइलवर कॅमेरे पाहायची सोय होती, पण ती मालकांच्या फोनपुरती, आणि मालक बाहेरगावी होते. मी मायला घरी राहा म्हणाले. मुहूर्ताच्या हप्त्यात कोणी घरी बसतं का, म्हणून तिने मलाच वेड्यात काढलं. तिच्या कानाशी जाऊन मी ओरडून सांगितलं, "माय, मले तू दिसत नाईस. दिवा लावता येनार नाई मले." तिने मान हलवली. कळलं की नाही, कोण जाणे.

मग मी एक युक्ती केली. उजवीकडचे सगळे कॅमेरे डावीकडच्या दोन मॉनिटरांवर कोंबले. टिकलीएवढी चित्रं झाली, पण शेडमधली माय दिसायला लागली. हिरवं लुगडं, पुढे वाकलेली मान, कवडीवर हात. माझा जीव भांड्यात पडला. मी वजनकाट्याच्या नोंदी पाहायला लागले. मध्येच नजर टाकावी, माय आहे. पुन्हा टाकावी, आहेच. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की तिचा हात कवडीवरून हललेलाच नाही. शेजारच्या बाईच्या हातातला पाण्याचा तांब्या तोंडाशी तसाच होता. चित्राच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं, तर ते थांबलेलं. जुन्या कार्डाला इतका भार झेपला नव्हता आणि चित्र मधेच गोठून गेलं होतं. जी माय पाहून मी निर्धास्त बसले होते, ती मघाची होती. आत्ताची कुठे होती, ते मला माहीतच नव्हतं.

मी जिना कसा उतरले, आठवत नाही. शेडच्या तोंडाशी गेले, तर बाया बसलेल्या, बाहेर ट्रॅक्टरचा धूर आणि गर्दी. आग कुठेच नव्हती. मायही दिसली नाही. "आत्ता इथंच व्हती," एक बाई म्हणाली, "पानी प्याले गेली असन." फाटकावरून मुनीमजींनी हाक मारली, काट्यावर गाड्या खोळंबल्या होत्या. मी परत वर आले. कॅमेरे होते तसे वेगळे केले आणि ठरवलं, आता फोन नाही, दुकानदार नाही, दोन्ही कार्डांच्या जागाच बदलून पाहायच्या.

मॉनिटर बंद केले, कॉम्प्युटर बंद केला. जुनं कार्ड काढलं आणि नवं त्याच्या जागी, वरच्या खाचेत बसवलं. चालू केल्यावर त्याला जोडलेले उजवीकडचे दोघेही लख्ख उजळले. म्हणजे नव्या कार्डात खोट नव्हती. मग ते काढून जुनं कार्ड खालच्या खाचेत लावलं. सगळा काळोख. जे चांगलं चालत होतं, तेही त्या खाचेत गेल्यावर मुकं झालं. सवतींचं भांडण नव्हतंच. खाचेतच काहीतरी होतं.

मोबाइलची बॅटरी लावून मी कॅबिनेटमध्ये डोकं घातलं. खाच म्हणजे एक अरुंद चीर, आत सोनेरी दात. एका टोकाला, अगदी तळाशी, काहीतरी लालसर. आधी वाटलं धातू जळून गंजलाय. सुईने टोकरलं, तर सुटलं आणि तळहातावर आलं. तांदळाची कणी होती. अख्खा दाणाही नव्हे, अर्धा तुकडा. कुंकवाने माखलेला, सुकून चिकटून बसलेला. त्याच्यामुळे कार्ड एका बाजूने केसभर वर राहत होतं. वरून पाहिलं तर नीट बसलेलं, आतून अधांतरी.

मायने माझ्या रक्षणासाठी टाकलेली अक्षता होती ती. हसू यायला हवं होतं. मला रडूच आलं, आणि तेवढाही वेळ नव्हता. मी खाच पुसली, दोन्ही कार्डं आपापल्या जागी बसवली, बटण दाबलं. चारही मॉनिटर लागले. मी श्वास रोखून उजवीकडे पाहिलं. चित्र हललं नाही, थरथरलं नाही. कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत होतं.

गंज्या ठीक होत्या. रुईची खोली ठीक होती. शेडमध्ये बाया होत्या आणि मायची जागा रिकामी होती. तिचं गोणपाटही नव्हतं.

माझी पाचावर धारण बसली. बोट आपोआप लाल दिव्याच्या बटणाकडे गेलं, पण शेडमध्ये नसलेल्या माणसाला तो दिवा कसा दिसणार? एकेक चित्र पाहत मी जिन्याच्या कॅमेऱ्यावर आले आणि थांबले.

जिन्याच्या शेवटच्या पायरीसमोर, भर उन्हात, गोणपाट टाकून माय बसली होती. पुढ्यात कवडीची पाटी. हात वेचत होते, पण नजर पाटीत नव्हती. दोन बोंडं वेचायची की मान वर. पुन्हा दोन बोंडं, पुन्हा मान वर. ती माझ्या दाराकडे पाहत होती.

मी खाली गेले. तिच्या कानाशी वाकून विचारलं, "इथं उन्हात काऊन बसली, माय? मी तुले शेडमंदी पाहून राह्यली."

"तुह्या टीव्ही बंद पडल्या म्हनलीस ना," ती म्हणाली. "तुले आत धूर दिसनार नाई, मले भोंगा ऐकू येनार नाई. दार लावून बसतं तू. आग लागली त तुले कोन सांगन? जिना येकच हाये."

"कधीपासून बसली इथं?"

"जागा बदलून बदलून बसतो. कधी पानी प्याले म्हनून येतो, कधी पाटी घेऊन. मुकादमानं हटकलं त उठतो अन् पुन्हा येतो."

तिच्या मानेवर उन्हाने चट्टा उठला होता. मी तिला म्हटलं की मॉनिटर दुरुस्त झाले, आता शेडमध्ये जा. अक्षतेचं मात्र सांगितलं नाही, सांगणारही नाही. तिने पाटी उचलली, गोणपाट काखेत मारलं आणि चालू लागली. मी वर येऊन बसले. उजवीकडच्या मॉनिटरवर ती शेडमध्ये शिरताना दिसली. तिने गोणपाट अंथरलं, पण नेहमीच्या जागी नाही. खांबावरचा दिवा नीट दिसेल आणि मान वळवली की जिनाही दिसेल, अशा कडेला.

तेव्हापासून मी खोलीचं दार उघडं ठेवते. रुई आत येते, दर शनिवारी मी कार्डं काढून साफ करते, आणि मुनीमजी एसीच्या वाढलेल्या बिलाच्या नावाने बोटं मोडतात.