हाताची गादी

माझ्या मुलानं गेल्या वर्षी मोठी गाडी घेतली. पुढच्या दोन सीटांच्या मधे हात टेकवायला एक गुबगुबीत उंचवटा आहे. तो पुढं सरकतो, मागं सरकतो, उघडतोसुद्धा; आत पाण्याची बाटली थंड राहते. मुलगा म्हणाला, "बाबा, हात ठेवून तर बघा." मी म्हटलं, "माझा हात मांडीवर बरा आहे." त्याला वाटलं, म्हातारा जुन्या वळणाचा. तसं काही नाही. हा आराम मी तरुणपणीच घेऊन बसलोय, आणि त्यापायी माझी पहिली नोकरी जाता जाता राहिली.

बहात्तरचा दुष्काळ होता. मी नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. हे मी तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो. संगमनेरजवळच्या अकोल्याच्या डोंगरात आमची भाताची खाचरं. त्या साली भात सोडा, खाचरांत चिखलसुद्धा झाला नाही. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. त्यांच्या हातातली हातोडी सुटायची तर मला पगार सुरू व्हायला हवा होता. दुसरा मार्ग नव्हता. अशात नेवाशाच्या पलीकडच्या एका गावातल्या हायस्कूलला भूगोलाचा मास्तर पाहिजे असल्याचं कळलं, आणि मला मुलाखतीला बोलावणं आलं.

मी एस.टी.नं जाणार होतो. मामा म्हणाले, ते जमायचं नाही.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, संगमनेरचे. त्यांच्या घरी राहून, त्यांचं जेवून मी कॉलेज केलं, तेव्हा त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांच्याकडं लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप होती. पुण्यात त्यांनी कुठल्याशा बड्या माणसाची परदेशी मोटार पाहिली होती. तिच्यात पुढं बसलेल्या माणसाला हात टेकवायला मधोमध गादी होती. परत आल्यावर मामांनी सुताराला बोलावलं. सागाची फळी, तिच्यावर काथ्या, वरून लाल रेक्झिन, कडेनं पितळी चुका. दिसायला फर्स्टक्लास. सुतारानं उंचीचं माप तेवढं कचेरीतल्या साहेबाच्या खुर्चीवरून घेतलं होतं. खुर्चीत माणूस उंच बसतो, जीपमध्ये खोल. त्यामुळं त्या गादीवर हात ठेवला की खांदा कानाला लागायचा आणि फळीची कड दंडात रुतायची.

हे मामांना माहीत नव्हतं. जीप ते स्वतः चालवत. त्यांचा डावा हात कायम गिअरवर, उजवा स्टेअरिंगवर. त्या गादीवर त्यांचा हात कधी टेकलाच नव्हता. पण तिच्या आरामाची त्यांच्याइतकी खात्री दुसऱ्या कुणाला नव्हती.

मला पुढं बसवलं. दादा मागच्या बाकावर, टपाला धरून. संगमनेर सुटलं नाही तोच मामा म्हणाले, "भाचेबुवा, हात ठेवा की. सायबासारखं बसा."

मी हात ठेवला. लोणीच्या अलीकडंच बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी हात उचलून चोळला.

"का वं? आराम वाटंना?"

"वाटतोय ना मामा."

"मग उचलला कशापायी? पुन्याचा मानूस उचलीत नव्हता."

मागून दादा म्हणाले, "ठेव रं. त्यांनी हौसंनं केलंय."

ठेवला. रस्त्याच्या कडेनं खडीचे ढीग, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, पाण्याचा टँकर. आमच्या जीपकडं सगळे बघत होते आणि मामा त्यांच्याकडं बघून मान हलवत होते. खड्डा आला की फळी खालून ठोसा द्यायची. श्रीरामपूर मागं पडल्यावर मुंग्या थांबल्या. मला बरं वाटलं. पुढं कळलं की हातच बधिर झाला होता.

शाळेच्या पडवीत कमिटी बसली होती. अध्यक्षांना सगळा गाव आबा म्हणायचा. धोतर, टोपी, मोठ्या मिशा. शेजारी हेडमास्तर, आणि एक बारीक अंगाचा मेंबर, ज्याला बोलल्यावाचून राहवत नव्हतं. दुसरा उमेदवार सायकलवरून आलेला, गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेला. आमची जीप थेट पडवीपुढं जाऊन थांबली. माझा कोपर लाल रेक्झिनवर होता. तो सगळ्यांनी पाहिला.

आठवीच्या वर्गात धडा घेऊन दाखवायचा होता. कमिटी मागं भिंतीला टेकून बसली. मी फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढायला घेतला. हा नकाशा मी झोपेतसुद्धा काढला असता. पण खडू बोटांत आहे की नाही, हे मला डोळ्यांनी बघावं लागत होतं. कोकणचा किनारा कसाबसा उतरला. नाशिकपासून गोदावरी पूर्वेकडं न्यायला निघालो, तर हात खाली घसरला आणि गोदावरी सरळ सोलापुरात गेली.

बारीक मेंबर म्हणाला, "मास्तर, आदीच दुष्काळ हाय. त्यात आमचं पानी सोलापूरला सोडलं व्हय?"

पोरं हसली. खडू हातातून पडला. मी तो डाव्या हातानं उचलला आणि सांगून टाकलं, "माझा उजवा हात बधिर झालाय. जीपमध्ये गादीवर ठेवला होता, त्यानं."

आबा म्हणाले, "आरामानं हात गेला म्हनता?"

"हो."

"आमी बैलगाडीत जल्म काढला, आमचा न्हाई गेला."

मेंबर म्हणाला, "आबा, गादीवरनं आलेला मानूस हितं टिकायचा न्हाई. सायकलवाला बरा."

हेडमास्तरांनीही मान डोलावली. मी राहिलेला धडा तोंडी घेतला. चांगला घेतला, पोरांनी उत्तरंही बरोबर दिली. पण कमिटी तोवर उठून पडवीत गेली होती. आतलं बोलणं दारात उभ्या असलेल्या दादांनी ऐकलं होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

ऐकलं मामांनीही होतं. ते तरातरा पडवीत आले. मला वाटलं, भाच्याची बाजू घ्यायला आले. पण त्यांचा राग माझ्यावर होता.

"आबा, ह्या पोराचं ऐकू नका," मामा म्हणाले. "सबब सांगतोय. त्या गादीवर हात टेकला की मानसाला झोप लागती. तुमी सोता बसून बघा. लबाड ठरलो तर जीप हितंच ठिवून जातो."

माझी नोकरी गेल्यात जमा होती, आणि मामांना गादीची अब्रू वाचवायची होती.

आबा तसे कामात होते, पण जीपच्या पुढच्या सीटवर बसायला कोण नाही म्हणेल? ते बसले. मामांनी त्यांचा हात स्वतःच्या हातानं उचलून गादीवर ठेवला. "हलवायचा न्हाई आबा. आराम मुरू द्या." आबांचा मळा ओढ्यापलीकडं, वाट सगळी दगडगोट्यांची. जीप धूळ उडवत गेली. आम्ही पडवीत बसून राहिलो. सायकलवाला उमेदवार, मी आणि दादा. सायकलवाल्यानं मला विचारलं, "खरंच बधिर झाला का हो?" मी म्हटलं, "चिमटा घ्या." त्यानं घेतला. मला कळलं नाही. तेव्हा तो माझ्याकडं जरा काळजीनं बघायला लागला.

जीप तासाभरानं परत आली. आबा खाली उतरले. धुळीनं टोपी वाकडी झाली होती, ती नीट करायला त्यांनी उजवा हात उचलला. हात छातीपर्यंत आला आणि तिथून परत गेला. दुसऱ्यांदा तसंच. शेवटी डाव्या हातानं टोपी सरळ करून ते हेडमास्तरांना म्हणाले, "गुरुजी, पोरगं खोटं बोलत न्हाई."

बारीक मेंबर म्हणाला, "पर आबा, गोदावरी—"

"माज्या हातानं तर ती पार गोव्याला गेली असती. तू गप बस."

मला सोमवारपासून यायला सांगितलं. नेमणुकीच्या कागदावर आबांची सही तेवढी दुसऱ्या दिवशी झाली.

मामांना हे काही पटलं नाही. "आबांचा हात आदीचाच दुखरा असंल," ते जीपला हँडल मारताना म्हणाले. मी न विचारता मागच्या बाकावर जाऊन बसलो. मग दादांना पुढं बसावं लागलं. मोटारीत पुढच्या सीटवर ते जन्मात पहिल्यांदा बसत होते. अंग चोरून, समोर बघत बसले.

"दाजी, आता तरी हात ठेवा," मामा म्हणाले. "पोरगं मास्तर झालं तुमचं."

दादांनी गादीकडं पाहिलं. रेक्झिनवरून एकदा बोटं फिरवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"लई झ्याक हाय," ते म्हणाले. "पर पगार यायला अजून महिना हाय, पाव्हनं. तवर खडी फोडायची, हात लागतोय मला."