भाचीच्या पायांचा मान

भंडारा जिल्ह्यातील समस्त मामेमंडळींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, भाचीच्या पाया पडण्याच्या पद्धतीत यंदाच्या भाऊबिजेपासून फेरबदल करण्यात आला आहे. सदर फेरबदल कोणत्याही जातपंचायतीने केलेला नसून नागपूरच्या एका डॉक्टरने केला आहे. तरी ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी आपापली सोय आधीच पाहून ठेवावी.

ही दवंडी मी कोंढ्याच्या, म्हणजे भाचीच्या गावच्या, चौकात देणार होतो. धाकट्या बहिणीने हात धरून घरात ओढलं, म्हणून इथे देतो.

दवंडी देणारा मी, दिवसा जवाहरनगरला नोकरी करतो आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक होतो. गावोगावच्या बायांनी मला पोटभर शिव्या दिल्या आहेत, आणि त्या मी पदकांसारख्या जपून ठेवल्या आहेत. पण या खलनायकालाही एका माणसापुढे डोकं टेकवावं लागतं. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. ती पाळण्यात असो की मिशा ओढण्याच्या वयाची, मान तिचा.

माझी भाची सातेक वर्षांची आहे. तिच्या पाया पडणं हा आमच्या दोघांचा एक प्रवेश आहे. मी दारातून नगारा तोंडाने वाजवत यायचो, तिच्या खुर्चीसमोर धाडकन गुडघ्यावर पडायचो, पायांवर कपाळ टेकवायचो. ती वरून म्हणायची, "वर मागा." मी म्हणायचो, "देवी, चकली." मग ती आईला फर्मान सोडायची. हे दरवर्षी. चकल्या मोडक्या मिळायच्या, पण मिळायच्या.

ती खुर्चीत का, ते सांगतो. तिला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी आहे. हे नाव पाठ करायला मला एका अंकाच्या संवादांहून जास्त वेळ लागला. नाटकवाल्याच्या भाषेत सांगायचं तर, आमच्याकडे विंगेत प्रॉम्प्टर बसतो. त्याने वाक्य पुरवलं की नट बोलतो. पाठीच्या कण्यातल्या काही पेशी हेच काम करतात, मेंदूचा हुकूम स्नायूंना पुरवतात. या आजारात ते प्रॉम्प्टर एकेक करून उठून जातात. लेखक हुशार, नट तयार, आणि स्टेजवर शांतता. काही काळाने नटही वाळत जातो.

ती दीड वर्षाची असताना हे कळलं. नागपूरचे डॉक्टर फार हळू आवाजात बोलायचे. हळू आवाजाच्या डॉक्टरला मी तेव्हापासून घाबरतो. ते बहिणीला म्हणाले, "ताई, हिला जपा. व्यायामाच्या नावाखाली उगाच त्रास देऊ नका. पायाला पट्ट्या नको, बूट नको. खुबा थोडा सरकला आहे, पण दुखत नसेल तर राहू द्या. जे दिवस आहेत ते सुखाचे जाऊ द्या." पुढे न्यूमोनियाने पोर दवाखान्यात पडली की ते बहिणीला बाहेर व्हरांड्यात न्यायचे आणि विचारायचे, श्वासाच्या मशीनवर ठेवायची वेळ आली तर ठेवायचं का. ती आत परत यायची तेव्हा मी तिच्याकडे पाहायचो नाही.

'त्रास देऊ नका' हा मग त्या घराचा कायदा झाला. बहिणीचं सासर मासेमारीचं. भाऊजी तळ्यात कंबरभर पाण्यात जाळं ओढतात, सासूबाई बाजारात मासे विकतात, बहीण भाताच्या रोवणीला चिखलात उतरते. संध्याकाळी सगळे सपरीत, म्हणजे ओसरीवर, पाय पसरून बसतात आणि एकच गाणं सुरू होतं: "पाय लय दुखून राहिले बापा." एकदा त्या गाण्यात पोरीने मधेच विचारलं, "काम करून पाय दुखते म्हंजे कसं लागते, माय?"

सासूबाईंनी पसरलेले पाय हळूच पोटाशी ओढून घेतले.

मग औषध आलं. रोज तोंडाने घ्यायचं, सिरिंजने मापून. ते आम्हाला कसं मिळालं ही वेगळी तीन अंकी कथा आहे. तिच्यात खेटे आहेत, कागद आहेत, आणि आमची ओळखपाळख नसताना आमच्यासाठी फोन फिरवणारी माणसं आहेत. त्यांना इथूनच साष्टांग दंडवत. औषध थंड ठेवावं लागतं, आणि थंड ठेवायचं म्हटलं की मासेमाऱ्याच्या घरी एकच वस्तू असते. तिसऱ्यांदा धुतलेला थर्माकोलचा मासळीचा डबा मांडीवर घेऊन मी नागपूरहून बसने निघालो. बस भरलेली, पण माझ्या बाजूची सीट रिकामी. पलीकडच्या एका काकांना राहवलं नाही.

"झिंगे हाय का जी?"

"एकच मासा हाय, काका. आन तो विकाचा नाही."

काका भंडाऱ्यापर्यंत माझ्याकडे संशयाने पाहत होते.

औषधाने गेलेले प्रॉम्प्टर परत येत नाहीत. उरलेले मात्र जागा धरून बसतात. पहिला हिवाळा दवाखान्याशिवाय गेला. पोर स्वतःच्या हाताने पेला उचलू लागली. तिची हाक सपरीतून तळ्याच्या पाळीपर्यंत जाऊ लागली. भाऊजी म्हणाले, "आता मासे पयतीन." आणि हे म्हणताना त्यांचे डोळे भरले होते, म्हणून कोणी हसलं नाही.

इथवर सगळं गोड होतं. मग डॉक्टर बदलले. माणूस तोच, सल्ला बदलला. पायाला पट्ट्या हव्यात, छातीचा व्यायाम हवा, पाठीला आधार हवा, आणि रोज काही वेळ लाकडी चौकटीत पट्ट्यांनी बांधून उभी करा. पट्ट्यांचं माप घेताना पोर रडली. बहीण घरी आली ती तापलेल्या तव्यासारखी.

"पहिले म्हने तरास देऊ नोका. आता म्हन्ते बांधून उभी करा. मी तिले एवढी वर्षं रडू देल्ली नाही, दादा. आता मीच रडवू का? तूच चाल माह्यासंगं. तुले डायलॉग येते."

मी डायलॉग तयार केला. जवाहरनगरच्या क्वार्टरात आरशासमोर केला, बायको स्वयंपाकघरातून "हळू" म्हणेपर्यंत केला. पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या खोलीत उभा राहिलो, उजवा हात वर नेला आणि म्हणालो, "डॉक्टरसाहेब, एका मातेच्या काळजाला..."

"बसा ना, खुर्ची आहे," डॉक्टर म्हणाले.

मी बसलो. माझं नाटक तिथेच संपलं. डॉक्टर बहिणीकडे वळले.

"ताई, त्रास देऊ नका असं मीच सांगितलं होतं. तेव्हा माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं, म्हणून निदान त्रास वाचवत होतो. आता ती टिकून आहे, वाढते आहे. उभी केली नाही तर पाय आखडतील. पाठ वाकली तर फुप्फुसाला जागा राहणार नाही. बारा-तेरा वर्षांची झाली की पाठीचं ऑपरेशन करावं लागेल बहुतेक. तोवर पाठ सांभाळायची आहे."

बहीण म्हणाली, "कितव्या वर्षी म्हनले?"

"बाराव्या-तेराव्या."

तिच्या पोरीच्या बाराव्या वर्षाबद्दल त्या दिवसापर्यंत कोणी बोललं नव्हतं. ना डॉक्टर, ना घरचे, ना हा तोंडाळ मामा.

"आन न्यूमोनिया झाला तं? तो सवाल पुन्हा विचारान का मले, बाहेर नेऊन?"

"आता तो प्रश्नच राहिला नाही, ताई. मशीन लागली तर लावू, बरी झाली की काढू, आणि घरी पाठवू." मग ते थोडं थांबले. "ती चालेल असं मात्र मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही."

हा माणूस पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलत होता. मला ते फार आवडलं.

तरीही चौकट घरी आली आणि भिंतीला लागून उभी राहिली. डॉक्टरांचं पटणं वेगळं आणि आपल्या हाताने पोरीचे गुडघे आवळणं वेगळं. बहीण रोज 'उद्यापासून' म्हणायची. कोंढ्याच्या त्या घरात जी वस्तू उभी दिसेल तिच्यावर जाळं वाळत पडतं. चौकटीवरही पडलं. मी एकदा गेलो तेव्हा तिच्यावर जाळं, भाऊजींचा टॉवेल आणि एक मांजर, असा सगळा संसार होता. मी जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.

शेवटी तोंड पोरीनेच उघडलं. भाऊबिजेच्या सकाळी ती आईला म्हणाली, "मामा पाया पडाले येते ना? मी आज उभी राहून देईन आशीर्वाद. जाळं काढ."

"रडशीन," बहीण म्हणाली.

"रडीन तं रडीन."

मी दारात पोचलो तेव्हा नगारा वाजवण्यासाठी तोंड उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं. बहीण चौकटीपुढे बसून पट्ट्या लावत होती. आधी पावलांना, मग गुडघ्यांना, मग कमरेला, मग छातीला. प्रत्येक पट्टीनंतर ती वर पोरीच्या तोंडाकडे पाहायची. पोरीचे गाल ताठ झाले होते, ओठ घट्ट मिटले होते. भाऊजी तळ्यावरून आले ते दारातच थांबले, अंगावरून पाणी निथळत. सासूबाईंनी मांजर उचलून कडेवर घेतलं, का ते त्यांनाच ठाऊक.

"चाला, मामा," पोर म्हणाली.

मी नगारा वाजवला. जरा बेसूरच वाजला. मग गुडघे टेकले आणि त्या पावलांवर कपाळ ठेवलं. इतकी वर्षं ती पावलं खुर्चीच्या फळीवर नुसती ठेवलेली असायची. आज ती खाली जमिनीला दाबत होती. मला ते कपाळाला कळलं.

मी तसाच थांबलो. तिच्या वाक्याची वाट पाहत होतो, 'वर मागा'ची. या वर्षी चकली मागायची नाही असं मी ठरवलं होतं, पण काय मागायचं तेही सुचत नव्हतं, कारण मागण्यासारखं बरंचसं देऊन झालेलं होतं. वाक्य काही येईना. आमच्या धंद्यात अशा वेळी प्रॉम्प्टर कुजबुजतो. मीच खालून कुजबुजलो, "वर मागा म्हन."

वरून आवाज आला, खणखणीत, थेट तळ्याच्या पाळीपर्यंत जाणारा:

"मामा, उठा ना लवकर. माहे पाय दुखून राहिले."