औटकीतली चूक

माझे वडील, नाना, साताऱ्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवत होते. वर्गात कुणाची चूक खपवून घ्यायचे नाहीत. घरी मात्र दिवेलागणीला आम्हां भावंडांकडून परवचा म्हणून घेताना स्वतःच चुकायचे. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा आला, की मोठ्यानं म्हणायचे, "सात औटे पंचवीस."

लगेच स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "साडेचोवीस! काय मास्तर तुम्ही!"

नाना मिशीत हसायचे. आईनं शाळा पाहिली नव्हती. लग्नानंतर पाढे तिला त्यांनीच शिकवले होते. ते मुद्दाम चुकायचे, हे आम्हांला फार उशिरा कळलं.

सत्तेचाळीस साली नाना निवृत्त झाले आणि दोघं सांगलीला राहायला आली. पुढच्याच वर्षी विषमज्वरानं आई गेली.

तेराव्याच्या संध्याकाळी पाहुणे अजून घरातच होते. नाना ओसरीवर एकटेच औटकी म्हणायला लागले. "सात औटे पंचवीस," म्हणाले आणि थांबले.

"पाढेसुद्धा विसरला बिचारा," काका कुजबुजले.

मला असा संताप आला! ज्यांना उभ्या जन्मात पावकी धड आली नाही, ते माझ्या नानांची कीव करणार?

नाना स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत पुन्हा म्हणाले, "सात औटे पंचवीस."

मला राहवेना. आत चुलीपाशी गेले आणि तिथूनच ओरडले, "साडेचोवीस!"

 मग वर्गात बोलायचे त्याच आवाजात नाना म्हणाले, "तू नको गं सांगूस. तिला येतं. तिला म्हणू दे."