घासलेला नंबर

डिंडोलीचा सुकलाल पाटील कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होता. मूळचा अमळनेरकडचा, आयटीआय शिकलेला. हाताला कसब होतं, पण स्वभाव कमालीचा संशयी, आणि त्यालाही कारण होतं. एक्क्याण्णव साली त्यानं धागा तुटला की वाजणारी घंटी बनवून मित्राला दाखवली. महिन्याभरात तीच घंटी मित्राच्या नावानं बाजारात आली. तेव्हापासून सुकलाल वायरी जोडायचं झाळकामसुद्धा दार लावून करी.

सत्त्याण्णवमध्ये शेजारी राहणाऱ्या, मिलमधल्याच निंबाचा चेहरा भाजला. रंगाच्या टाकीवर वाकून तो थर्मामीटर वाचत होता आणि वाफेचा लोट आला. सुकलालनं मनावर घेतलं, की तापमान लांबूनच वाचता आलं पाहिजे. त्यानं आकडे दाखवणारा एक छोटा डिस्प्ले आणला. बोर्डवरच्या मुख्य चिपचे बहुतेक पाय आधीच गुंतलेले, म्हणून मध्ये आणखी एक चिप घालून दोनच वायरींवर तो जोडला. पुस्तकात पाहून प्रोग्रॅम लिहिला. पण बटण दाबलं की वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन उमटत. दोन महिने तेच.

"तुम्हना कोनावरच भरोसा नही," बायको मंदा म्हणाली. "इचारा ना कोनले तरी."

पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या अरुणा देव यांचं नाव त्यानं ऐकलं होतं. रविवारी तो त्यांच्या घरी गेला. बोर्ड रुमालात गुंडाळलेला, प्रोग्रॅमची मात्र निम्मीच पानं खिशात.

बाईंनी ती पानं चाळली आणि बोर्ड उजेडात धरला. "या मधल्या चिपवर नंबर नाही?"

"घासलाय."

"कोणी?"

"मीच. पॉलिश पेपरनं. कोणी नक्कल करू नये म्हणून."

बाई हसल्या नाहीत. "सुकलालभाऊ, या चिपचे दोन प्रकार येतात. दिसायला सारखे, पण दोन्हींचा पत्ता वेगळा. तुमचा प्रोग्रॅम एका घराचं दार ठोठावतोय आणि चिप बहुधा दुसऱ्याच घरात बसलीय. नंबर असता तर लगेच कळलं असतं."

सुकलालचे कान तापले. ही बाई गोड बोलून सगळं काढून तर घेत नाही ना, असंही वाटलं.

"आता काय करायचं?"

"एकेका पत्त्यावर हाक मारून बघू. चिपनं ओ दिली की बोर्डवरचा लाल दिवा लागेल. पण त्यासाठी मला पूर्ण प्रोग्रॅम लागेल."

सुकलाल उठून डिंडोलीला घरी गेला आणि उरलेली पानं घेऊन आला. बाईंनी एवढंच विचारलं, "चहा घेणार?"

दिवा लागला तो दुसऱ्याच पत्त्यावर. प्रोग्रॅममधला एक आकडा बदलला आणि चौकोन जाऊन तिथं ३१ उमटलं. सुकलालनं तापमान मोजणारा तुकडा चहाच्या कपाला टेकवला. आकडा चढू लागला. तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"याचं काय द्यायचं?" त्यानं सावधपणे विचारलं.

"काही नाही."

त्यामुळे तर तो जास्तच बिचकला. निघताना जिन्यात थांबून त्यानं पानं मोजली. सगळी होती.

डिस्प्ले टाकीपासून चार हात लांब बसला आणि नीट चालला. उन्हाळ्यात आकडे उड्या मारू लागले, तेव्हा सुकलाल पुन्हा बाईंकडे गेला. या वेळी प्रोग्रॅम अख्खा नेला. सर्किटचा कागद मात्र घरीच ठेवला.