डाव्या अंगाचा दादा

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर शिंपीमास्तर इस्पितळातून घरी आले, ते पाहुणा घेऊनच. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. पलंगावर त्यांच्या डाव्या अंगाला एक हात पडलेला असे. जड, गार, बोटं मुडपलेली. मास्तर तिकडे न बघताच तो उजव्या हातानं उचलून बायकोला दाखवत.

"हा दादाचा हात. माझा नव्हे."

दादा म्हणजे थोरला भाऊ. डावरा. त्यानंच मास्तरांना कात्री धरायला शिकवलं, आणि तो जाऊन कैक वर्षं लोटली होती.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "मेंदूला मार बसला की होतं असं. पण हात आपला मानून हलवला नाही, तर असाच आखडून राहील. मग शिवणकाम विसरा."

बायको खमकी. तेल चोळता चोळता हातालाच म्हणाली, "भाऊजी, पुरे झाली झोप. गिऱ्हाईकं खोळंबलीत. ते ब्लाउज काय मी शिवू?"

आणि अंगठा हलला.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मास्तर मात्र खुलले. "बघ! माझं कधी ऐकलं नाही, तुझा शब्द मोडत नाही लेकाचा."

तेव्हापासून घरात दादाचा राबता सुरू झाला. दादा वाटी धरी, दादा सदऱ्याची गुंडी लावी. पुढे मशीनवर कापड ठेवलं, तर तो हात आधी ते दोन बोटांत चुरडून बघे, मग तळव्यानं हलकेच थोपटी. हुबेहूब दादा! इतकी बेमालूम नक्कल कसलेल्या नटालाही साधू नये, आणि मास्तरांनी तर उभ्या जन्मात कापड थोपटलं नव्हतं. डावीकडे त्यांची मान म्हणून वळत नसे. पण त्या बाजूला ते कुजबुजत, थांबत, उत्तर ऐकल्यासारखे हसत. बायको मग कामाचं निमित्त काढून खोलीबाहेर पडे.

एके सकाळी अस्तर जोडताना सुई डाव्या बोटात घुसली.

"आई गं!"

बायको धावली. "कुणाला लागलं?"

"कुणाला काय? मला! माझं बोट आहे हे!"

हसू की रडू, तिला कळेना. "अहो, परत म्हणा. परत म्हणा एकदा!"

दुखरं बोट मुठीत धरून मास्तरांनी सावकाश डावीकडे मान वळवली. भिंत होती. खिडकी होती. बराच वेळ ते तिथंच बघत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "जाताना तुला तरी काही बोलला का तो?"