हेमाताईंच्या नावाने

दुपारी एक ते चार ‘टिपणीस घरगुती मसाले’ बंद असतं. पेणच्या बाजारातल्या त्या दुकानात वैजयंती गल्ल्यामागे चटई टाकून आडवी होते. उशाशी लॅपटॉप उघडाच आहे. ब्लॉगवरचा आजचा लेख चार वाजता आपोआप लागेल, तशी व्यवस्था तिने सकाळीच केली आहे. ‘शेवळाची रानभाजी, आमच्या पद्धतीने’. खाली नाव नेहमीचंच: हेमाताई टिपणीस.

हेमाताई म्हणजे तिची आई. ती फाल्गुनात गेली. ब्लॉग मात्र एकही मंगळवार चुकलेला नाही. छोट्या दुकानदारांसाठीच्या वर्गात शिकवलं होतं: वार बदलू नका, आवाज बदलू नका, गिऱ्हाईक माल बघून एकदा येतं, माणूस बघून पुन्हा पुन्हा. आई सांगायची आणि वैजयंती टाइप करायची. आता ती आईच्या वहीतून उतरवते आणि मधली वाक्यं आईच्या धाटणीने जुळवते. आई गेल्याचं तिने तिथे लिहिलेलं नाही. धंद्याच्या दृष्टीने बरं दिसत नाही, असं ती स्वतःला सांगते.

तिचे डोळे जड होतात. मसाल्याचा वास लांब जातो. आणि गल्ल्यापलीकडे कुणीतरी विळीवर काहीतरी चिरतंय. कर्र. कर्र.

वैजयंती उठून बसते. आई पाठमोरी बसली आहे, एक पाय विळीच्या पाटावर. शेजारी शेवळांच्या जुड्या, कातकरणीने नुकत्याच आणून टाकल्यासारख्या.

“आई, तू कधी आलीस?”

“मंगळवार ना आज?” आईचा आवाज घोगरा आहे. “मंगळवारी तू बोलावतेसच.”

वैजयंती जवळ जाते. आई एकेक शेवळ सोलते, आतला पिवळा भाग काढून मागे फेकते, उरलेलं चिरते. मागचा ढीग फळ्यांपर्यंत गेला आहे. बरण्या दिसेनाशा झाल्या आहेत.

“हे का टाकतेस?”

आईचा हात थांबतो. “एवढी पुस्तकं वाचलीस, आणि शेवळ निवडता येत नाही तुला?”

“तूच लिहिलंयस वहीत. निवडावीत, चिरावीत, काकडाची फळं घालून शिजवावीत. खाज काकडांच्या आंबटपणाने जाते.”

“निवडावीत म्हणजे काय, ते कुठे लिहायचं असतं गं? ते हाताला ठाऊक असतं. हा पिवळा भाग राहिला तर घसा सुजतो. काकडंबिकडं काही चालत नाही त्यापुढे.”

“मग तू मला शिकवायचं होतंस.”

“बोलावत होते की दरवर्षी. म्हणायचीस, बोटं खाजतात.”

विळी आता अंगणात आहे. मांडव घातला आहे आणि लांबच लांब पंगत बसली आहे. सगळ्या बायका. वैजयंती त्यांना ओळखत नाही, पण नावं ठाऊक आहेत. दर मंगळवारी लेखाखाली वाचते ती. पानांत भाजी वाढलेली आहे. कुणी बोलत नाही. प्रत्येकीचा डावा हात स्वतःच्या गळ्यावर आहे.

“कुणी वाढलं हे?” वैजयंती विचारते.

“मी. नाव माझंच आहे ना खाली?”

“आई, थांबव त्यांना!”

आई पहिल्यांदाच वळून बघते. तोंड उघडते, पण शब्द येत नाही. जीभ पिवळीजर्द आहे. मग कसाबसा, खरवडल्यासारखा आवाज येतो.

“माझा घसा धरलाय, वैजू. तीन महिने तू माझ्या तोंडाने बोलते आहेस. आता तुझ्या तोंडाने सांग.”

“ते सांगितलं, तर तू खरंच जाशील.”

“मी गेलेच आहे, बाई.”

ती वैजयंतीचा हात धरून पिवळ्या ढिगात खुपसते. मनगटापर्यंत. ढीग गार आहे, ओला आहे, आणि आतून कुणीतरी बोटं घट्ट धरतं.

वैजयंती चटईवर जागी होते. चार वाजून सात मिनिटं. लेख लागला आहे. खाली पहिलीच प्रतिक्रिया आहे, डोंबिवलीच्या सुनेत्रा दिघे यांची: ‘हेमाताई, तुमच्याच लेखाची वाट बघत होते! जुडी आणलीय. आत्ता निवडायला बसते. आज सासूबाईंना पहिला घास.’

वैजयंतीची बोटं की-बोर्डवर जातात. सवयीने तिच्या हातून ‘अगं सुनेत्रा’ असं उमटतं. आईचं वाक्य. ते ती पुसते.

‘थांबा. आतला पिवळा भाग काढून टाका, घसा सुजतो. लेखात ते लिहायचं राहिलं, चूक माझी आहे. मी हेमाताई नाही. आई फाल्गुनात गेली. मी तिची मुलगी, वैजयंती.’

ती ते पाठवते. मग लेखातली कृतीच काढून टाकते, मग दिघेबाईंचा नंबर पार्सलांच्या यादीतून शोधून फोन लावते. घंटा वाजत राहते. कुणी उचलत नाही. हात ओले असतील, ती स्वतःला समजावते. निवडतच असतील अजून.

पुन्हा फोन लावताना तिला जाणवतं, आपण मघापासून एक हात साडीवर घासतो आहोत. ती तो उजेडात धरते. यंदा घरात शेवळाची एकही जुडी आलेली नाही. तरी नखांच्या कडांना पिवळं लागलं आहे, आणि बोटांपासून मनगटापर्यंत खाज सुटली आहे.

पलीकडे घंटा वाजतेच आहे.